बर्फाच्या कारखान्याच्या छपराखाली बोललेल्या एका शब्दाबाबत

जबाब देणार: स्त्री, वय चौतीस वर्षे, धंदा पत्र्याच्या छपरांची धुलाई, रंगकाम व दुरुस्ती, राहणार बंदरामागची गल्ली, सार्वजनिक नळासमोरची खोली.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व माझे वडील असे तिघे राहतो आणि छपरांचं काम तिघे मिळून करतो. वडिलांना मी आप्पा म्हणते. जबाबातही आप्पाच लिहावं, वडील म्हटलं की कुणा परक्याबद्दल बोलल्यासारखं वाटतं. आप्पांचे गुडघे गेल्यापासून ते छपराखाली उभे राहतात आणि वर माझे पती चढतात. मी शिडी धरते, पाणी मारते आणि रंग लावते. लग्नानंतर हे आमच्याकडे राहायला आले म्हणून माझे दीर ह्यांना घरजावई म्हणून हिणवतात. तक्रार त्याच दिरांनी दिलेली आहे.

आमच्या कामाची रीत विचारली म्हणून सांगते. समुद्राकाठचा पत्रा वरून बघून काही कळत नाही. वरचं मीठ पावसाने धुऊन जातं. खालच्या अंगाला पाऊस पोचत नाही, खारा वारा मात्र बरोबर पोचतो, आणि पत्रा खालून खात जातो. वरून नवा दिसतो आणि पाय दिला की पापडासारखा मोडतो. म्हणून वरचा माणूस पुढचं पाऊल टाकायच्या आधी हातोडीच्या दांड्याने पत्र्यावर दोनदा ठोकतो. खालचा माणूस बॅटरीच्या उजेडात तो पत्रा आतून बघतो आणि ओरडून ‘चालेल’ किंवा ‘नाही’ सांगतो. चालेल म्हणजे त्यावरून माणूस चालेल. वर माणूस असताना खाली कुणीही हा शब्द दुसऱ्या कशाला वापरायचा नाही, असा आप्पांचाच दंडक आहे. चहात साखर कमी चालेल का विचारलं तर ‘बरं’ म्हणायचं. हे त्यावरून आप्पांची चेष्टा करायचे. म्हणायचे, “मामा, मला मुलगी देताना तरी चालेल म्हणालात, की तिथेही बरं म्हणून भागवलंत?”

परवा आम्ही तिघे बर्फाच्या कारखान्याचं छप्पर बघायला गेलो. माझे दीर तिथेच लाद्या उतरवायच्या कामाला आहेत. समुद्राकडच्या बाजूला ह्यांनी शिडीवरूनच हात लावून पाहिलं आणि खाली येऊन म्हणाले, “मामा, हे छप्पर मला नको वाटतंय. पत्रे बदलायला सांगू, नाहीतर सोडून देऊ.” आप्पा म्हणाले, “जावईबापू, एवढी भीती वाटत असेल तर बांगड्या भरा.” हे सगळ्या कामगारांसमोर झालं. दिरांनी ऐकलं. ते त्यांनी तक्रारीत लिहून दिलं आहे आणि ते खरं आहे. काल सकाळी निघताना ह्यांनी चहा तसाच ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, “समुद्राकडच्या त्या पत्र्यांवर माझा विश्वास नाही.” मी म्हटलं, मग नका जाऊ. ते म्हणाले, “आता नाही गेलो तर आयुष्यभर बांगड्या ऐकाव्या लागतील.”

काल सकाळी दहाच्या सुमारास हे वर होते. आप्पा आत, बर्फाच्या डब्यांच्या हौदापाशी होते. मी दारात शिडीला हात लावून उभी होते. तिथून मला आप्पा दिसत होते आणि छपरावरची ठोक ऐकू येत होती. चार-पाच पत्रे नीट झाले. ठोक, उजेड, चालेल. एकदा नाही म्हणाले, तर हे वळसा घालून गेले. तेवढ्यात कारखान्याचे मॅनेजर रंगांचं कार्ड घेऊन आत आले आणि आप्पांच्या हातात देऊन म्हणाले, “वरून हा करडा चालेल ना?” आप्पांनी बॅटरी बंद करून बगलेत धरली, कार्ड दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ नेलं. त्याच वेळी वर दोन ठोके पडले. आप्पा कार्डाकडे बघत मोठ्याने म्हणाले, “चालेल.” आत मशीन चालू असतं, तिथे हळू बोलून भागत नाही.

माझ्या लगेच लक्षात आलं. मी तोंड उघडलं होतं. आवाज निघाला की नाही ते मला सांगता येत नाही. पत्रा फाटल्याचा आवाज झाला आणि हे हौदाच्या कडेवर पडले. त्यानंतरचं मला विचारू नये.

आता मॅनेजर सांगतात की ते त्या वेळी ऑफिसात होते, आत आलेच नव्हते. कार्ड त्यांनी उचलून नेलं, ते मी पाहिलं. दीर सांगतात की आदल्या दिवशीचा राग धरून आप्पांनी मुद्दाम चालेल म्हटलं. काल दवाखान्याच्या जिन्यात दीर मला म्हणाले, “वहिनी, माझा भाऊ आत मशीनवर श्वास घेतोय. तू कुणाची, ते उद्या ठाण्यात ठरव. बापाची असशील तर आमच्या दारात पाऊल ठेवू नकोस.” ते रडत होते. त्यांनी मला हात लावला नाही, धमकी म्हणून लिहायचं असेल तर लिहू नये. पण मी घाबरले आहे, ते लिहावं. मॅनेजरांनी सकाळी माणूस पाठवून, तोंड सांभाळून बोला म्हणून सांगितलं. त्यालाही मी घाबरले आहे.

सगळ्यात जास्त मी आप्पांना घाबरले आहे. ते बाहेर बाकावर बसले आहेत आणि येईल त्याला सांगतात, “मीच चालेल म्हणालो.” मॅनेजरांचं नाव घेत नाहीत. मी रागावून विचारलं, अहो आप्पा, तुम्ही कार्ड बघत होतात, ते का सांगत नाही. तर म्हणाले, “ठोक मला ऐकू आली होती गं. मी कुणाला उत्तर दिलं, मलाच कळत नाही.”

मला मात्र कळतं. बॅटरी बंद होती. आप्पांनी जन्मात कधी उजेड टाकल्याशिवाय वरच्या माणसाला उत्तर दिलेलं नाही. तो शब्द रंगाला होता. तो जावयाला नव्हता. त्याबरोबर हेही लिहून घ्यावं की वर माणूस असताना तो शब्द तोंडातून काढायचा नाही, हा दंडक आप्पांचा होता आणि तो आप्पांनी मोडला. साहेबांनी विचारलं, यातलं नेमकं काय सांगायचं आहे, चूक की निर्दोष. मला दोन्ही सांगायचं आहे. एकच घेणार असाल तर मी सही करणार नाही.

जबाब इथपर्यंत आला असता साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि म्हणाले, “बाई, दवाखान्यात बोलावलंय. बाकीचं मागाहून लिहू.” मी विचारलं, काय म्हणाले. साहेब म्हणाले, “लगेच या म्हणाले.” मी जागेवरून उठले नाही. मी म्हटलं, आधी हे पुरं करा. तिकडे गेल्यावर मला काय कळेल ते मला माहीत नाही, म्हणजे माहीत नाही असंच लिहा. ते कळल्यावर मी आप्पांबद्दल आज बोलले तसं बोलू शकेन याची मला खात्री नाही. बॅटरी बंद होती, एवढं तरी त्याआधी कागदावर असू द्या.

माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला हा जबाब साहेबांनी सावकाश वाचला व मी ऐकला, त्यात काही कमी-जास्त नाही. वाचून झाल्यावर साहेबांनी विचारलं की पहिल्या पानावर ‘पती’ लिहिलंय, ते तसंच ठेवायचं का. मी म्हटलं, मी अजून ठाण्यातच आहे, तसंच ठेवा. म्हणून सही केली.