दोऱ्याएवढा सूड

हात जरा वर धरा — असेच — आणि पोट आत ओढू नका, टेपला फसवलंत तर उद्या कोटाची बटणं तुम्हाला फसवतील. तर सांगत काय होतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर ही कात्री माझ्या बोटावर पडो — बोटावर नको, कापडावर पडो, कापड तुमचं आहे. चौदा वर्षं मी असा होतो, हातपाय काड्या आणि पोट तेवढं टम्म. चौदा नाही, नऊ असतील, पण भोगायला चौदा. आणि माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, तो कोपऱ्यावरचा बेकरीवाला हो, चार लोकांत म्हणायचा, 'आमचे दाजी म्हणजे दोऱ्याला मारलेली गाठ.' लोक हसायचे, मीही हसायचो. करणार काय, घरात पाव त्याच्याच भट्टीतला यायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, तो पावच तुमची आतडी खातोय. ग्लूटेन म्हणतात त्याला — गहू, मैदा, जव, सगळं बंद. जन्मभर.

मी बंद केलं. दीड महिन्यात पोट उतरलं, अंगावर मांस चढायला लागलं — शेहेचाळीस किलोचा मी बावन्नवर गेलो, जिना एका दमात चढायला लागलो. आणि हे त्याला बघवेना. नखरे आहेत म्हणे दाजींचे. बायकोच्या वाढदिवसाला खास माझ्यासाठी म्हणून तांदळाचा केक घेऊन आला, मी दोन तुकडे खाल्ले, आणि मग सगळ्यांसमोर म्हणतो कसा, 'निम्मा मैदा होता त्यात. काय झालं का दाजींना?' तेव्हा नव्हतं झालं. पुढचे तीन दिवस झालं. संडासाच्या भिंतीला डोकं टेकून मी एकच ठरवलं — या माणसाच्या तोंडून 'चुकलं' हा एक शब्द काढायचाच.

वळा जरा, पाठ घेतो. तर दर सोमवारी त्याच्या पँटी माझ्याकडे येतात, भट्टीच्या ट्रेने खिसे फाटतात त्याचे. मी खिसे शिवायचो — आणि कमरेत एक दोराभर आत घ्यायचो. फक्त दोराभर. बारा सोमवार. शिवाय टेप लावला की मोठ्याने दोन इंच जास्त वाचायचो. वजनकाटा? काटा सांगत होता ना, वजन उतरतंय म्हणून. पण जन्मभर बिस्किटं काट्यावर अंगठा ठेवून विकत आलेला माणूस काट्यावर विश्वास ठेवेल होय? माझ्या टेपवर ठेवला. आपण सुटत चाललोय या धास्तीने आधी रात्रीचं जेवण सोडलं त्याने, मग सकाळचं. गाल बसले, मनगटं माझ्यासारखी झाली — माझ्या जुन्यासारखी — आणि मी एकोणसाठवर. एका सकाळी भट्टीसमोरच चक्कर येऊन पडला, कपाळाला चार टाके. माझी बायको रडत होती. मला वाईट वाटलं का? वाटलं. म्हणजे... संध्याकाळी वाटलं.

दुसऱ्या दिवशी आला, तुम्ही उभे आहात तिथेच उभा राहिला, भिंतीला धरून. म्हणाला, 'दाजी, चुकलं माझं. तुमच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्या.' असा बाणा होता त्याचा, आणि असा वाकला —

असं काय बघताय? बरं. पँटी खऱ्या, चक्कर खरी, टाके खरे. 'चुकलं माझं' तेवढं मी जोडलं. त्याने नुसता पत्ता मागितला. मी लिहून दिला, चिठ्ठी हातातच धरून ठेवली, पुष्कळ वेळ. त्याने ओढून घेतली आणि गेला.

त्या तिकडे खुंटीवर पँटी आहेत ना, त्या त्याच्याच. नाही, उसवल्या नाहीत अजून. हात खाली घ्या. माप झालं तुमचं, गुरुवारी या.