कोण गया?

सौदीतल्या कतीफच्या दवाखान्यात टोकनचा आकडा सतरा मिनिटं एकेचाळीसवरच होता. माझ्या शेजारी एक कोकणी जोडपं बसलं होतं.

"इफरा, गयानाच्या कंपनीला आज नोकरीचं उत्तर द्यायचंय. तीन महिने तू नुसतं बघू म्हणतेस."

"अम्मींना सांगितलंत?"

"गयाना म्हणून सांगितलं. तर विचारते, कोण गया?"

"देश आहे म्हणायचं, दक्षिण अमेरिकेतला."

"म्हटलं. तिथंही तेल लागलंय म्हटलं. तर म्हणते, मग सौदीतलं संपलं का?"

"आणि मी नर्सिंग सोडून तिथं घरी बसायचं?"

"तुला कोण बसू देतंय? तेलाच्या पैशातून तिथलं सरकार इस्पितळंच बांधतंय."

"हे आधी का नाही बोललात?"

"तू फक्त डासांचं विचारलंस."

"लावा अम्मींना फोन. म्हणावं, अजून कोणी नाही गया. आता दोघंही जाणार."