हात जागा होईना

भाऊ : दाढ निघाली ते कळलं डॉक्टर, पण माझा हात कुठे गेला?

डॉक्टर : मांडीवरच आहे तुमच्या. सावकाश उठा. कापूस दाताखाली धरून ठेवा.

भाऊ : दिसतोय हो. पण माझा वाटत नाही. कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडलाय.

ताई : अगं बाई! डॉक्टर, काय बोलतोय हा?

डॉक्टर : घाबरू नका. बधिर करायचं इंजेक्शन यांना चालत नाही, म्हणून संमोहन केलं. 'उजवा हात बर्फाच्या पाण्यात आहे, बधिर झालाय' असं म्हटलं आणि तोच हात गालावर ठेवायला लावला. गाल बधिर झाला. तुमच्यासमोरच तर झालं.

ताई : झालं खरं. एरवी साधं कुसळ काढताना घर डोक्यावर घेतो, आज हूं की चूं केलं नाही. पण दाढ निघाली नि हात गेला, हा कुठला इलाज?

डॉक्टर : थांबा. डोळे मिटा पुन्हा. पाणी कोमट होतंय... बोटांना मुंग्या येतायत...

भाऊ : नाही येत.

ताई : हे बघ, चिमटा काढते.

भाऊ : काढ.

ताई : कधीची काढतेय रे! डॉक्टर, वेल्डर आहे हा. या हातावर घर चालतं याचं!

डॉक्टर : नस दुखावलेली नाही. हाताला मी बोटसुद्धा लावलं नाही. जे केलं ते यांच्या मनानं केलंय.

ताई : मग सांगा की मनाला, सोड म्हणावं!

डॉक्टर : सांगितलं ना. ऐकत नाहीये. खोटं कशाला बोलू, असं मी याआधी पाहिलेलं नाही.

ताई : तुम्हीच घाबरलात तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

भाऊ : ताई, ओरडू नकोस. एक सांगू? भीती वाटतेय, पण... बरंही वाटतंय. हात नाही ते बरं वाटतंय.

डॉक्टर : आधी काही होत होतं का या हाताला?

भाऊ : पकड.

ताई : कसली पकड?

भाऊ : बाबांची. शेवटी हाच हात धरला होता त्यांनी. गेले, तरी बोटं सुटेनात. नर्सनं एकेक करून सोडवली. तेव्हापासून आहे ती. हातमोजा चढवला की आतून आणखी आवळते. काम करताना हात थरथरतो.

ताई : आणि हे तू कुणापाशी बोलला नाहीस?

भाऊ : काय बोलू? वेडा झाला म्हणाली असतीस.

ताई : वेडा तर तू आहेसच.

डॉक्टर : म्हणजे बर्फाचं पाणी नुसतं निमित्त. मनाला आयती सुटका मिळाली. ते कशाला परत देईल हात?

भाऊ : हात हवा तर पकडही घ्यायची?

डॉक्टर : मला तसंच वाटतंय.

भाऊ : नको. नको डॉक्टर, मला नाही जमणार.

ताई : कशी होती रे?

भाऊ : काय?

ताई : त्यांची पकड. मी खाली औषधं आणायला गेले होते. वर आले तर चादर ओढलेली. माझ्या वाट्याला काहीच आलं नाही. दाखव ना मला.

भाऊ : बोटं हलत नाहीत, ताई.

ताई : न हलू देत. नुसतं सांग. हा बघ, माझा हात तुझ्या हातात ठेवलाय.

भाऊ : अंगठा इथे... मनगटाच्या हाडाशी. आधी जोर नव्हता गं, नुसता ठेवलेला. मग श्वास अडकला की आवळायचे. सुटला की सैल. पुन्हा आवळायचे. मग एकदा आवळला तो... ताई, काहीतरी रुततंय.

ताई : माझी अंगठी.

(त्याची बोटं हळूहळू तिच्या हातावर मिटतात.)

डॉक्टर : आली?

भाऊ : आली. ती पण आली. तशीच आहे. ताई, दुखतंय का तुला? सोडू?

ताई : थांब जरा. मला आत्ताच मिळालीय.