दुपट्ट्याखालचा हात

हॅलो?… हौ, नागपूरच! इंदोरा, नागपूर… कुठून? मस्कतहून? द्या ना बाप्पा, लवकर द्या…

हॅलो! कोण, रविंद्र? अबे मी लहानू. लहानू बोलून राहिलो, तुहा मोठा भाऊ… हौ हौ, नाव लहानू अन घरात मोठा, जुना झाला तो जोक. जयभीम, जयभीम. शेजारून बोलून राहिलो, सिंधूताईच्या घरून. तिनं खिडकीतून हाक मारली, तसाच धावलो. एक चप्पल पायात हाय, दुसरी नालीत…

तार भेटली का तुले?… मंगळवारी? अन आज शुक्रवार हाय बे!

काय म्हणाला?… "यंदा नाही फसलो"? हे सांगाले फोन केला तू?

ऐक… ऐक ना गा… अबे मस्करी नाही. बाबाले लकवा मारला. खराखुरा… हास. पोट भरून हास.

हौ, मागच्या वेळी बी "फादर सिरियस" असंच लिहिलं होतं. हौ, दोन वर्ष झाले. तू बायको-पोरासंग रडत रडत आला, अन टेशनावर बाबा गळ्यात हार घालून उभा, मांगं बँड… मले काहून सांगतं? मीच तं आणला होता बँड! तुहं तोंड पाहून बाजावाल्याची फूक हासण्यात गेली, निस्ती पिपाणी वाजली… अख्खं टेशन हासलं रविंद्रा, हमाल बी बसून गेले होते खाली…

बरं, बरं. ते तवाचं. आता खरं हाय. तुही शप्पथ… माही शप्पथ चालत नाही तं कोनाची चालते? सिंधूताईची? हे घे, तिलेच विचार. टेलिफोन हापिसातली बाई हाय, खोटं बोलत नाही. ताई, सांगा ना वं त्याले. मोठ्यानं बोला, हा मस्कतले हाय…

काय झालं ताई?… काय म्हणे तो?

"लहानूभाऊ, बाईचा आवाज मस्त काढतं"?

द्या, द्या इकडं… अबे ते खरीच सिंधूताई होती! मागच्या दिवाळीत काढला होता मी आवाज, मान्य हाय, पण आता ते खरी होती! रागावली ना ते… ताई, बसा. त्याची चूक नाही. माहीच हाय.

बरं, मले एक सांग. तार वाचली, मंग तुमी काय केलं?… बायकोले वाचून दाखोली… दोघंबी हासले… अन?… काल फिराले गेले? कुठी?… निझवा? हे काय नाव झालं बे, कोनाले खोकला आल्यावाणी… बकऱ्याच्या बाजारात? तुमी? सारं घर?

नाही, सांग. ऐकतो मी. तुह्या बकऱ्या होऊन जाऊ दे, मंग आपला बाप ऐकजो. कबूल?… कबूल म्हणाला हां तू. सिंधूताई साक्षीले हाय.

हं… पहाटे निघाले… दोन घंटे गाडीत… हं, सूनबाईनं पुऱ्या बांधल्या… ईदच्या आधीचा बाजार, मंग गर्दी तं राहीनच… काय? माणसं गोल बसून राह्यते अन बकऱ्या त्याईच्या मधातून चालते? उलटंच हाय बाप्पा! आपल्या कळमेश्वरच्या बैलबाजारात जनावर उभं राह्यते अन माणूस चकरा मारते… सूनबाईनं नाकाले पदर लावला? लावू दे. मिलिंद काय म्हणे?… बोकडाच्या शिंगाले लोंबकळला? वा रे पठ्ठे! नातू कोनाचा हाय!

अन तू? तू काय केलं?… सांग ना, आता काहून लाजतं…

नाही बे!

खरंच? म्हाताऱ्या अरबाचा हात धरला, वरून रुमाल टाकला, अन खालून बोटं दाबले?… कोनत्या बकरीसाठी?… अबे घ्याची नव्हती तं दाबले काहून?… असंच. हं. हात गेले आपोआप. मंग? त्या म्हाताऱ्याले काय समजलं?

खजूर?

खजूर ठेवला तुह्या हातात! मांगणारा समजला तुले! ओ ताई, ऐका ऐका, आमच्या इंजिनिअर साहेबाले अरबानं भीक देल्ली!… थांब बे, पोट दुखून राहिलं… अन तू खाल्ला का तो?… खाल्ला! बाबाले सांगितलं असतं ना, तं बाजेवरून खाली पडला असता हासून…

बाबाले सांगितलं असतं रविंद्रा.

नाही, काही नाही. तू बोल… मिलिंदनं विचारलं? काय?… "पप्पा, हे कुठी शिकले तुमी?" बरोबर हाय, पोट्टा हुशार हाय. मंग? तू काय सांगितलं?

काय?

पुन्हा म्हण. लाइन खराब हाय.

सिनेमात पाह्यलं?

नाही, नाही, लाइन चांगली हाय. मले चांगलं ऐकू आलं. सिनेमात पाह्यलं म्हणाला तू.

अन त्याचा आजोबा काय करते म्हणून सांगून ठेवलं तू त्याले?… बोल ना. आता तं बकऱ्या बी निघून गेल्या मधातून, कोणी नाही ऐकून राहिलं… जनावराचे डॉक्टर. वा! सुई टोचते का बाबा बैलाले? कोट घालते पांढरा?

सूनबाईच्या माहेरचे काय म्हणतीन, तुह्या कंपनीतले काय म्हणतीन… माहीत हाय मले ते सारं. हेडी म्हणाले लाज वाटली तुले. हेडी होता आपला बाप! बैलाचा हेडी, दलाल! घेणारा अन विकणारा समोरासमोर उभा करे, दोघाईच्या हातावर आपला दुपट्टा टाके, अन सारा भाव त्या दुपट्ट्याखाली, बोटाबोटानं. तोंडातून एक शब्द नाही. बाजूचा माणूस टपून राहे तरी त्याले पत्ता नाही लागे. अन तू सहा वर्षाचा असल्यापासून त्या दुपट्ट्यात हात घालून उभा राहे. मले नाही नेलं कधी संगं. म्हणे, लहानू हासते, गिऱ्हाईक बिचकते. घरी शिकवलं मले, उरलेलं. बाजारात तुलेच न्याचा. अन तू म्हणतं सिनेमा.

झालं. झाल्या तुह्या बकऱ्या. आता माही पाळी. कबूल म्हणाला होता.

रविवारची गोष्ट. पोळा होऊन चार दिवस झाले होते. बाजारातून आला, हात धुतले, ताटावर बसला. मले म्हणे, यंदा तान्ह्या पोळ्याले मिलिंदसाठी लाकडाचा बैल घेऊन ठेवला, कोनासंग तरी मस्कतले धाड. एवढं बोलला, अन भाकर हातातून पडली. मले वाटलं सोंग करून राहिला. आमचं तं चालूच राह्यते असं… मी बी पडलो ना बाजूले जीभ काढून! तो पडला, मी पडलो. मी हासून राहिलो, अन तो उठेच नाही…

हौ. तू आता हासून नाही राहिला. चांगली गोष्ट हाय.

उजवी बाजू गेली. जीभ गेली. दवाखान्यातून बुधवारी घरी धाडलं, म्हणे आता सेवा करा. डावा हात तेवढा चालते. सोमवारी मी पाणी पाजून राहिलो होतो, तं माहे बोटं धरून दाबे. डॉक्टर म्हणे कापरं हाय. मले बी तसंच वाटलं. मंग मनात काय आलं, त्याचा दुपट्टा घेतला अन त्याच्या हातावर टाकला. रविंद्रा, कापरं बंद! जागच्या जागी बंद. अन एक बोट दाबलं. दोन. तीन. मंग थांबला. म्हणजे, तू सांग.

कायचा भाव काय, तुहा! तुले तार केली म्हणून सांगितलं होतं मी त्याले, तं तू किती दिवसात येतं ते विचारून राहिला तो.

मी दोन दाबले. मले काय माहीत तू तिकडं पुऱ्या बांधून राहिला… मंगळवारी पुन्हा विचारलं, पुन्हा दोन. बुधवारी बी दोनच. सारी जिंदगी दुपट्ट्याखालचं खोटं पकडण्यात गेली बे त्याची. काल मी दोन दाबले, तं त्यानं माह्या तळव्यावर नख ओढलं… हौ. सौदा मोडला. हात काढून घेतला. तवापासून मूठ बंद हाय. मी दुपट्टा हातात घेतला की तोंड फिरवते भिंतीकडे.

अजून बी नाटक वाटते का?… थांब, अजून एक हाय. हे तुले इचाराचंच होतं. नख ओढाच्या आधी त्यानं माही करंगळी धरली. दोनदा दाबली. हळूच. मले काही समजली नाही ते. बाजारात करंगळी दोनदा म्हणजे…

हॅलो?

हॅलो… रविंद्र?… ताई, लाइन गेली वाटते… नाही, हाय. श्वास ऐकू येऊन राहिला. बोल ना बे… रडून राहिला का तू?

हं… हं… बाजार उठला की… तुही करंगळी दाबे. दोनदा… म्हणजे "चाल घरी". बस?… फक्त तुहीच दाबे?

मले नव्हतं माहीत. मले कोणी सांगितलंच नाही हे.

नाही बे, मी कायले रागावू. ऐक, आता एक खरं सांगून टाकतो. मागच्या वेळची तार माही नव्हती. त्याचीच होती… बाबाची. मले म्हणे, पोट्टा सरळ बलावलं तं येत नाही, सिरियस लिही. नातवाले पाहाचं होतं त्याले. तुह्या शिव्या मी खाल्ल्या दोन वर्ष. तो म्हणे, सांगू नोको. बँड तेवढा माहा होता.

सोड ते. किती दिवसात येतं, ते सांग. आज निघतं का?… काहून?… पासपोर्ट मालकापाशी? मंग माग ना… ईदले गावी गेला… अन हापिस?… कधीपासून बंद?

बुधवारी दुपारपासून.

म्हणजे मंगळवारी तार भेटली तवा उघडं होतं… बुधवारी सकाळी बी मालक खुर्चीतच होता… नाही, मी कुठी काय म्हणून राहिलो? मी मोजून राहिलो फक्त. आता कधी उघडते?… बुधवारी. मंग कागद, मंग तिकीट, मंग मुंबई, मंग गाडी… पुढचा शुक्रवार. सात दिवस.

डॉक्टरनं काय सांगितलं?… तीन सांगितले. काल सांगितले.

सात कसे दाबू बे मी? एका हाताले पाच बोटं राह्यते.

… नाही, दोन नाही दाबत आता. पुरे झालं ते… फोन त्याच्या कानाले लावू? अबे वायर या घराच्या उंबऱ्यापर्यंतच जाते. बुधवारी त्याले घरी आणलं तवाच ओढून पाह्यली मी. तू फोन करशीन तं लावून देऊ म्हणून…

काय?… काय दाबू?… करंगळी. दोनदा… समजलं. आकडा नाही. नुस्तं "चाल घरी"… हौ, खोटं नाही होत त्यात. खरंच हाय…

दाबतो. पण एक सांगू का गा? माह्या हातानं दाबलं तं हे बी खोटंच समजीन तो… हॅलो? कोण?… बाई, एक मिनिट, एकच मिनिट द्या, तोडू नोका… रविंद्र! मिलिंदले सांगजो बरं… अबे काय सांगू काय? आजोबा कोण होता ते सांग! सिनेमा नाही म्हणून सांग… अन तो लाकडाचा बैल मी ठेवला हाय… बैल, बैल! लाकडाचा… हॅलो?

हॅलो… हॅलो…

गेली.

नाही ताई, तुमचा फोन चांगला हाय. तिकडूनच तुटली… पुन्हा नाही लावत आता तो… येते म्हणे. हौ. शुक्रवारी… पुढच्या.

हौ ना, उशीर हाय.

ताई, तुमी चाला ना वं माह्यासंग घरी. बाबाच्या उशाशी बसा जरा. दुपट्टा मी टाकतो वरून. खाली हात तुमचा राहू द्या… काही अवघड नाही. करंगळी धराची. दोनदा दाबाची. हळूच.

माहा हात ओळखते तो.