भोकरखिंडीतला पेट्रोलचा वास

बिड्या विझवा आधी. विझवा म्हंतो ना! ए रंगा, तुजी बी. हां, आता ऐका. ह्यो रंगा परवा म्हनत हुता, भोकरखिंडीतनं गेलं की अर्धा तास वाचतोय. म्हनून सांगतो. न्हाईतर ही गोष्ट म्या कवा काढत न्हाई.

तवा नवा रस्ता झाला नव्हता. माज्याकडं एक जुनी पेट्रोलची गाडी हुती. तात्यांना, म्हंजे माज्या बापाला, तिच्यातनं मिरजेच्या दवाखान्यातनं घरी आनत हुतो. गळ्याचं आपरेशन झालं हुतं. जीव वाचला, पन आवाज गेला. कायमचा! अवो, ज्या मानसानं बांधावरनं हाळी दिली की तीन शिवारं ऐकायची, त्यो आता पानी मागायला बोटं वाजवायचा. काळीज तुटायचं माजं.

निघता निघता दिवस बुडाला. म्या म्हनलं, तात्या, आजची रात हितंच राहू. त्यांनी हात हालवला. घरी. बास, घरी! खिंडीच्या पायथ्याला आलो तवा अंधार मिट्ट.

पहिल्याच चढाला वास आला. पेट्रोलचा. म्हनलं, टाकी काठोकाठ भरलीया, झाकनातनं सांडत आसंल. उतरलो. झाकनाचं रबर चिरलेलं. त्यात पिशवीचं पलास्टिक घातलं, घट्ट पिळलं, फडक्यानं पुसलं. वास गेला. बरं वाटलं.

दुसऱ्या वळनाला एक मानूस उभा. घोंगडं डोईवरनं घेतलेलं, तोंडात बिडी, न पेटवलेली. काचंजवळ वाकला.

"पाव्हनं, काडी हाय का?"

आता रात्री वाटंत कोनी काडी मागितली तर काय करायचं, हे आपल्याकडं पोराला बी ठावं. द्यायची न्हाई, आनि आपन बिडी पेटवायची. आगीजवळ भूतखेत येत न्हाई. माजा हात खिशात गेला बी. तेवढ्यात परत वास! भक्कन! हात तसाच बाहेर काढला. पेट्रोलच्या वासात काडी कशी वडायची, सांगा! गाडी दामटली.

लांब जाऊन थांबलो, बॉनेट उघडलं. कार्बोरेटर वला. आत कचरा अडकला की पेट्रोल उतू जातं, हे मला म्हाईत. लोखंडी पान्यानं दोन टोले दिले, नळीची क्लिप आवळली, पुसून बोट फिरवलं. कोरडं. सुटलो म्हनलं. गाडी चालू केली, वळन घेतलं, आनि म्होरं कोन? त्योच! तेच घोंगडं, तीच बिडी! मी गाडीनं आलोय आनि ह्यो माज्या आधी!

"काडी हाय का?"

थांबलो न्हाई. आरशात बघितलं, तात्या मागच्या शिटावर डोळं मिटून बसलेलं. त्यांना काय सांगू, आनि कसं सांगू?

खिंडीच्या माथ्यावर गाडी गचकं खाऊन बंदच पडली. वास तर असा की डोळ्यातनं पानी! इंजनाखाली पेपर पसरला. टाकीखाली पसरला. थेंब पडला तर डाग दिसंल म्हनलं. कोरडा! दोन्हीकडं कोरडा! मग गळतंय कुटं? हातातली बॅटरी पिवळी झाली आनि विझली. डिकीत डोकं घालून आंधळ्यावानी चाचपत बसलो. वाचलंया माजं मानूस दवाखान्यातनं, आनि हितं जाळतोय का काय मी त्याला? रडाय आलं. पंधरा वर्सं गाड्या चालवल्या, आनि एक वास सापडंना!

आनि मागनं आवाज आला.

"सर्जा, काडी वड की रं. दिसंल तुला."

तात्यांचा! तात्यांचा आवाज! अवो, सव्वा महिना त्या आवाजासाठी देव पान्यात घालून बसलो हुतो. वास इसरलो. गळती इसरलो. त्यो घोंगड्यावाला बी इसरलो. "व्हय तात्या, व्हय!" म्हनलं, काडीपेटी काढली, काडी पेटीला टेकवली.

माजं मनगट कोनीतरी धरलं. गच्च!

हात वळखीचा हुता. तात्यांचा. गाडीतनं उतरून आलं हुतं. त्यांनी माजा हात वडला आनि सवताच्या तोंडावर ठेवला. व्हट मिटलेलं हुतं. माज्या हाताखाली व्हट मिटलेलं, आनि झाडीतनं आवाज, "सर्जा, वड की!"

काडीपेटी दरीत भिरकावली. तात्यांना म्होरल्या शिटावर बसवलं. चारी काचा खाली, दिवं बंद. एक ठिणगी नको. धक्का देऊन गाडी उताराला लावली, उडी मारून आत बसलो, ब्रेकवर पाय. आभाळ जरा उजळ दिसायचं, तेवढ्यावर वळनं घेत हुतो. आनि मागनं, सगळा उतार मागनं, "सर्जा! मला टाकून चाललास व्हय रं?" बापाच्या आवाजात! काय करू? बाप माज्या शेजारी बसलाया. कानावर हात ठेवून रडतोय. आनि त्याच्या रडन्याला बी आवाज न्हाई!

सकाळी पायथ्याच्या गावात हसन मिस्त्रीनं मागचं शीट उचललं. त्याच्या खालनं टाकीची नळी गेलेली, जोडाला चिरलेली. म्हनून तर हवा शिरून गाडी बंद पडली. आनि गळलेलं सगळं स्पंजात मुरलेलं, म्हनून पेपर कोरडा. स्पंज पिळला तर वाटीभर पेट्रोल निघालं. हसनभाई माज्याकडं बघतच बसला. म्हनला, "एक काडी वडली आसती ना सर्जेराव, तर दोघांची राख बी वेगळी करता आली नसती." वीतभर नळी बदलली त्यानं. झालं. एवढंच काम हुतं!

म्हनून सांगतो, गाडीत पेट्रोलचा वास आला तर पुसून म्होरं जाऊ नका, शीट उचलून बघा. आनि गाडी नवी असली तरी त्या खिंडीत जाऊ नका. रंगा, ऐकलंस का? अर्धा तास वाचू दे न्हाईतर दिवस वाचू दे.

तात्या त्याच्यानंतर चार वर्सं जगलं. एक शबूद न्हाई बोललं. मी दिवसा बी त्या अंगाला फिरकत न्हाई. भ्या वाटतंय म्हनून न्हवं. तितं परत एकदा तात्यांनी "सर्जा" म्हनलं, तर मला काडी वडल्याबिगर ऱ्हावायचं न्हाई.