दोन नंबरची बंदूक

राजाराम : हळू धर रे, मिस्त्री. एका बारात सतरा बदकं पाडलीत हिने.

सहदेव : मघाशी अकरा म्हणालात, तात्या.

राजाराम : अकरा छऱ्यांनी मेली. बाकीची आवाजाने.

सहदेव : आणि तो हत्ती?

राजाराम : हत्तीचं वेगळं. सांगतो, आधी चहा घे. दूध नाहीये. एकट्यासाठी आणलं की नासतं.

सहदेव : काम उरकू द्या. फोर्टातलं बंदुकांचं दुकान बंद ठेवून बोरिवलीच्या पार टोकाला आलोय. पोलीस ठाण्याचे साहेब म्हणतात, परवान्यावर बारा बोअर लिहिलंय आणि बाराचं काडतूस हिच्यात सरळ घरंगळत जातं. म्हणजे ही बंदूक नेमकी कुठली, ते मी लिहून दिल्याशिवाय परवाना वाढणार नाही.

राजाराम : लिहिणाऱ्याने दोन नळ्या बघितल्या नि ठोकलं बारा. दसऱ्याच्या आत दाखला दे, म्हणजे झालं. चारच दिवस राहिलेत.

सहदेव : नळ्या उतरवतो. हे बघा, खालच्या अंगाला चौकटीत आकडा आहे. आठ.

राजाराम : आठ म्हणजे बाराहून लहान की रे. माझी इज्जत घालवतोस.

सहदेव : उलटं असतं, तात्या. एक पौंड शिशाच्या सारख्या आठ गोळ्या पाडा, त्यातली एक ह्या नळीत बरोबर बसेल. बारा पाडल्या तर बाराच्या नळीत. आकडा लहान, तितकी नळी मोठी. खाडीतल्या बदकांसाठीच बनवायचे असली. शंभर वर्षांची तरी आहे.

राजाराम : मला पण लोक शंभरचाच समजतात. अठ्ठ्याहत्तर आहे.

सहदेव : नळीवर ह्या लाटा दिसतायत? पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली नळी. हिला काळी दारूच चालते. हल्लीची बिनधुराची भरलीत तर हात जाईल.

राजाराम : माझी काडतुसं पितळी. काळी दारू मीच भरतो. मला शिकवू नको.

सहदेव : दोरीला टांगून टिचकी मारतो. ऐका. डावी कशी घंटेसारखी वाजली. उजवी... बद्द. मुळाशी खड्डे पडलेत. उजवी आता उडवायची नाही.

राजाराम : एक चालेल. बदकाला एकच बार लागतो.

सहदेव : दोन्ही नळ्यांच्या मधल्या पट्टीवर सोन्यात दोनचा आकडा आहे. एक नंबरची कुठे गेली?

राजाराम : नव्हतीच. ही मूळची सोराब शेठची, त्याला दोनपासून मोजायची सवय होती. बायको पण दुसरीच केली पहिल्यांदा.

सहदेव : तात्या, मी पोलिसांना लिहून देणार आहे. अशा बंदुका जोडीने यायच्या.

राजाराम : मग लिही, दोन नंबर. एकचं मला विचारू नको. चल, मागे खाडीवर. उडवून बघ.

सहदेव : खांद्याला लावून नाही. ह्या ट्रकच्या टायरला बांधतो. घोड्याखालच्या चापाला दोरी, आणि आपण भिंतीआड. कान झाका.

(बार होतो. तिवरातले बगळे उठतात. धूर पाण्यावर रेंगाळतो.)

सहदेव : झकास. डावी टिकली. आता दाखला—

राजाराम : गप. बोलू नको.

सहदेव : काय झालं?

राजाराम : गप बस जरा.

सहदेव : ...किती वेळ?

राजाराम : आज दसरा नाही म्हणून कदाचित. तो कॅलेंडर बघून वागणारा माणूस.

सहदेव : कोण?

राजाराम : पलीकडे, गोराईत. पास्कू. आम्ही दोघं सोराब शेठच्या बंदुका वाहायचो. सत्तेचाळीसला शेठ निघाला विलायतेला, जाताना दोघांना एकेक देऊन गेला. एक नंबर त्याला. मी वयाने मोठा, तरी.

सहदेव : म्हणजे मघाशी थाप मारलीत.

राजाराम : नेहमीचीच. दसऱ्याला मी बार काढायचा, त्याने उत्तर द्यायचं. नाताळला तो आधी, मी नंतर. अकरा वर्षं आम्ही तोंड नाही बघितलं एकमेकांचं, पण बार चुकला नव्हता.

सहदेव : तोंड का नाही?

राजाराम : त्याच्या मुलीच्या लग्नात मी रंगात येऊन सांगितलं, की शेठच्या होडीतून पाडलेलं शेवटचं बदक माझं. ते त्याचं होतं. व्याह्यांसमोर तो म्हणाला, राजा खोटारडा. मी पानावरून उठलो. गावभर झालं, दोघांचं वैर आहे. कोण समजावणार, की वैर फक्त तोंडाचं आहे.

सहदेव : आणि आता उत्तर येत नाही?

राजाराम : दोन दसरे. मधले नाताळ पण गेले, मी तयार बसून. राग वाढला असेल त्याचा, नाहीतर कान गेले असतील. यंदा सोडणार नव्हतो. एकदम दोन्ही बार काढणार होतो. तू उजवी बाद केलीस.

सहदेव : तात्या, बसा जरा.

राजाराम : उभा बरा आहे. बोल.

सहदेव : एक नंबर माझ्या दुकानात आहे. असलीच नळी, असाच सोन्याचा आकडा. मघाशीच डोक्यात आलं, पण खात्री नव्हती. गोराईची बाई जमा करून गेली, कार्मेलिन नावाची.

राजाराम : कार्मू. तिच्याच लग्नातून उठलो मी. दुरुस्तीला टाकलीय होय? मग सांगायचं नाही का. मी इथे त्याला रोज शिव्या घालतोय.

सहदेव : दुरुस्तीला नाही. परवाना ज्याच्या नावावर, तो माणूस गेल्यावर जमा करावी लागते.

राजाराम : ...कधी?

सहदेव : ब्याऐंशीच्या ऑगस्टात, दोन वर्षं झाली. झोपेत गेले म्हणाली.

राजाराम : म्हणजे ते दोन्ही दसरे.

सहदेव : हो. ती सांगत होती, बाबा दसऱ्याला बार का काढायचे ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायचे, नाहीतर गंज चढतो.

राजाराम : हे तो म्हणाला? गंज?

सहदेव : तसंच म्हणाली ती.

राजाराम : मला कुणी कळवलं नाही.

सहदेव : तुमचं वैर ना, तात्या. गावाच्या हिशेबी.

राजाराम : बरोबर आहे. वैऱ्याला कोण कळवतं.

सहदेव : चहा करू मी?

राजाराम : नको. तो दाखला राहू दे. ही पण घेऊन जा, एक नंबरशेजारी ठेव. दोघींना एका कपाटात ठेव, लांब नको.

सहदेव : आणि दसरा?

राजाराम : बघू. गोराईची होडी आता कितीला आहे?

सहदेव : साडेपाचला. पण अकरा वर्षं तुम्ही तिकडे पाऊल नाही टाकलंत.

राजाराम : भांडण होतं ना रे. आता कुणाशी आहे?