खुराड्यातून केलेली चौकशी

नाव: श्रीमती एल्विरा सांगिनेत्ती, वय ७९ वर्षे, धंदा: पूर्वी शिवणकाम शिक्षिका, सध्या काही नाही, रा. नदीकाठचा रस्ता, मर्सेडेस, उरुग्वे.

समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मुलगा वाल्तेर राजधानीत असतो. मी न्हाणीघरात पडल्यापासून मला सांभाळायला बाई ठेवावी असा त्याचा आग्रह आहे. सोमवारपासून कामावर ठेवण्यासाठी त्याने दोरालीस ओलिवेरा हिचे नाव सुचवले व तिच्यावर गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला फोनवर पाठवला. "आई, आता तरी नाही म्हणू नकोस," असे तो म्हणाला. मी म्हणाले, "चोर नाही हे कळलं. माणूस म्हणून कशी आहे, ते या दाखल्यात कुठंय?"

त्यावरून आज दुपारी मी तिच्या वस्तीत चौकशीस गेले. शेजाऱ्यांनी चांगले सांगितले. शेजारी तोंडावर चांगलेच सांगतात, म्हणून मी भरवसा ठेवला नाही. तिची म्हातारी आई तिच्याजवळच राहते असे कळल्याने, ती आईशी कशी वागते हे पाहण्यास मी घरामागे गेले व कोंबड्यांच्या खुराड्यावर चढले. खिडकी उघडी होती.

मक्याच्या लापशीची ताटली आईपुढे धरून दोरालीस ओरडत होती, "पोलेंटा गिळ म्हणतेय ना!" आई म्हणाली, "तूच गिळ. भिंतीला गिलावा करायच्या लायकीचा झालाय." नंतर दोघी हसू लागल्या. बराच वेळ हसत होत्या. माझी चौकशी तिथेच पूर्ण झाली होती. तरी मी उतरले नाही. कारण विचारले असता सांगता येत नाही.

तेवढ्यात छप्पर खचून मी आत पडले. शेजारच्या बेरुत्ती यांनी कोंबडीचोर समजून पोलिसांना फोन केला. दोरालीस पळी उगारून आली. "कोण आहे?" असे तिने विचारले. "तुझी होणारी मालकीण," असे मी आतून सांगितले.

तिने पळी ठेवून आधी माझे गुडघे चाचपले, मग कोंबड्या पाहिल्या. म्हणाली, "एल्विराबाई, मीपण तुमच्या गल्लीत विचारून आलेय. आधीच्या सांभाळणाऱ्या बायका पळाल्या म्हणे."

"पळाल्या नाहीत, मी हाकलल्या," अशी मी दुरुस्ती केली.

"मला हाकलून बघा," ती म्हणाली.

तिची माझ्याविरुद्ध तक्रार नाही. वाल्तेरला काही कळवू नये ही विनंती. ठाण्यात आणल्यावर मला नातेवाइकाच्या ताब्यात द्यावे लागेल असे हवालदार म्हणाले, तेव्हा सोबत आलेली दोरालीस म्हणाली, "माझं नाव घाला."

"नातं काय लिहू?" असे हवालदारांनी विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. "सोमवारी सांगते," असे ती म्हणाली.

माझा हा जबाब मोठ्याने, बाकावर बसलेल्या दोरालीसलाही ऐकू जाईल असा, वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. नात्याची जागा सोमवारपर्यंत कोरी ठेवली आहे.